फॉलवाल्या मावशी आणि न मरणारं शहर

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीतल्या फॉलवाल्या मावशींना सणावारी कुणी वाकून नमस्कार केला, की त्या आशीर्वाद द्यायच्या आणि लगेच स्वतःसाठीही मागून घ्यायच्या. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, पण माझीही सुटका नव्हती. मी म्हणायचे, "शंभर वर्षं जगा, मावशी." तर म्हणायच्या, "शंभर नकोत गं. बेबीपेक्षा एक दिवस जास्त, एवढंच म्हण."

बेबी त्यांची एकुलती एक लेक. वय तिशीपुढचं, समज तीन वर्षांच्या पोरीची. न्हाऊ घालण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं मावशींच्याच हातून. यजमान कधीच गेलेले. लोकांच्या साड्यांना फॉल लावून दोघी जगत होत्या.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्याकडे नवा टीव्ही आला आणि गुरुवारी संध्याकाळी एक हिंदी मालिका लागू लागली. तिच्यातल्या शहरात कुणी मरायचंच नाही. सरकार औषध द्यायचं. मूल जन्माला घालायला बंदी, आणि म्हातारी माणसं खुराड्यांत वर्षानुवर्षं पडलेली. शेजारणी तांदूळ निवडत बघायच्या, मावशी फॉल घेऊन यायच्या, शेजारी बेबी. एकदा त्यातली म्हातारी मरण द्या म्हणून रडायला लागली. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांना पदर लावले. मावशी मात्र चिडल्या. "एवढं आयतं मिळालंय, आणि रडतेय काय मेली! ते औषध मुंबईला मिळत असेल का गं?"

"मावशी, खोटं असतं ते!"

"कळतं मला. विचारायला काय जातंय?"

पुढच्या एका भागात औषध कमी पडलं. अधिकारी यादी करायला बसला आणि ज्यांच्या हातून काही काम होत नाही, त्यांची नावं खोडू लागला. मावशींनी सुई साडीत खोचली, साडी गुंडाळली. "चल बेबी, इथंही आपलं नाव नाही." पुन्हा त्या टीव्हीसमोर बसल्या नाहीत.

त्यानंतर आठवड्याभरानं नळावर त्यांनी मला सरळ विचारलं, "माझ्यामागं बेबीला बघशील?"

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काय धाड भरलीय!"

त्या हसल्या. "सगळ्या हेच म्हणतात."

त्याच पावसाळ्यात कावीळ झाली आणि दहा दिवसांत मावशी गेल्या. लासलगावचा त्यांचा पुतण्या आला. "घरी कोण बघणार, काकू? एका संस्थेत बोललोय," मला म्हणाला. मी मान हलवली. माझ्याकडे दोनच खोल्या होत्या, असं मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं. तीन असत्या तर ठेवून घेतलं असतं का, ते मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

टेम्पोत बसवताना बेबीनं माझं बोट धरलं. घट्ट. मी ते हळूच सोडवून घेतलं.