कपाटातली घरघर

घर्रर... घर्रर... घर्रर.

एवढाच आवाज. सकाळी साडेदहाला, ऑफिसातल्या लोखंडी कपाटातून. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तेच तर! तुमच्यासारखी शांत माणसं चहा पीत बसली असती. मी म्हणजे कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी बाई. मी ताडकन उठून उभी राहिले, आणि पुढं जे केलं ते ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातात कॉम्प्युटर सोडाच, साधा कॅल्क्युलेटरही देणार नाही.

मी आफरीन. बीसीएस झालंय. बारामतीहून रोज एसटीनं सणसरला येते आणि तिथल्या एका छोट्या दूध संस्थेत कॉम्प्युटर बघते. सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन रांगेत लागतात. प्रत्येक सभासदाला एक नंबर आहे. तो दाबला की लिटर आणि फॅट सर्व्हरमध्ये, पावती बाहेर. लोक आता एकमेकांना नावानं कमी आणि नंबरानंच जास्त हाका मारतात. ‘ए सत्तेचाळीस, कॅन सरकव की.’

संस्थेचे चेअरमन तात्या. सत्तरी ओलांडलेली, आणि विश्वास फक्त वहीवर. त्यांच्या मागं लागून लागून मी वही बंद करायला लावली. मशीन अडत नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. छाती माझी नव्हतीच तेवढी, पण सांगितलं. त्यांनी एकच अट घातली. ज्या दिवशी मशीन अडेल, त्या दिवसापासून वही परत सुरू. आणि वही लिहायला ते स्वतः समर्थ होते. म्हणजे मशीन गेलं की माझी नोकरी गेली, इतका सरळ हिशोब.

तो सर्व्हर त्या लोखंडी कपाटात. बारामतीच्या रणजितदादांनी बसवलेला, लिनक्सवाला. त्या दिवशी सकाळीच ते यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला आले होते. काम झालं, कपाट लावलं, धूळ जाते म्हणून उघडू नकोस असं मला बजावलं, आणि घाईघाईनं वरकुट्याला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले. ते गेले आणि दहा मिनिटांत घर्रर!

स्क्रीन आणि कीबोर्ड बाहेर टेबलावरच असतात. बघते तर काय, डिस्क सत्त्याण्णव टक्के भरलेली. झालं, निदान झालं! पोट फुगलंय बिचाऱ्याचं, म्हणून कण्हतंय. जुनं-पानं काहीतरी काढलं की मोकळं होईल.

जुन्यासारखं दिसणारं एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं, सापडलं. काढ म्हटलं. तर मशीननं यादी दाखवली, याच्याबरोबर हेही जाईल, तेही जाईल. यादी लांबतच गेली. शेवटी इशारा आला, की हे धोक्याचं आहे, खरंच करायचं असेल तर हे वाक्य जसंच्या तसं टाइप करा: ‘येस, डू ॲज आय से!’ म्हणजे, हो, मी सांगते तसं कर!

इथं कुणीही शहाणा माणूस थांबला असता ना? पण माझीही बाजू ऐका. मी घरात सगळ्यात धाकटी. आजवर मला कुणी ‘तू म्हणशील तसं’ म्हटलेलं नाही. रिक्षावालासुद्धा मला पुढच्या चौकात सोडतो आणि मी वर थँक्यू म्हणते. आणि इथं एवढं मोठं मशीन हात जोडून विचारतंय!

मी टाइप केलं. उद्गारचिन्हासकट.

आणि त्यानं केलं हो, मी सांगितलं तसं! भांडी घासायला सांगावं आणि बाईनं ओटा, नळ आणि गॅस उचलून न्यावा, तसं. फायली दाखव म्हटलं, तर म्हणे असली कमांडच नाही. कॉपी कर म्हटलं, तीही नाही. इंटरनेट नाही. कालपर्यंत हाकेला ओ देणारं मशीन मला ओळखच दाखवेना.

 मग रणजितदादांचं पहिल्या दिवशीचं वाक्य आठवलं. काहीही उडालं तरी मशीन चालू आहे तोवर आशा आहे, बंद केलं की उठणार नाही, मला फोन करायचा. फोन! पण माझ्या सिमकार्डला ऑफिसात रेंज येत नाही. बाहेर पायरीवर गेले. लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आत आले तर खुर्चीत तात्या.

“पोरी, तुजं मशीन लई घरघरतंय,” ते म्हणाले. “आत्ता तू भाईर हुतीस तवा दोनदा घरघरलं. आमची म्हातारी म्हस आशीच करायची शेवटी शेवटी.”

“अपडेट चाललाय, तात्या.”

“म्हंजी?”

“सर्व्हिसिंग.”

“ट्रॅक्टरचं करत्यात तसं? मग बंद करून चालू कर की.”

मी किंचाळलेच. नाही म्हटलं, स्विचला हात लावायचा नाही. तात्या माझ्याकडं असे बघत राहिले, की जणू मी त्यांच्या अंगावर पाणी ओतलंय.

मग काय, दुपारभर एकच चक्र. पायरीवर जायचं, फोन लावायचा, कुणी उचलायचं नाही, आत यायचं, आणि तात्यांनी सांगायचं, परत घरघरलं. मी सहा वेळा गेले, सहाही वेळा घरघरलं. माझ्यासमोर मात्र अगदी गप्प! मला वाटलं, मी नजरेआड झाले की त्याचा धीर सुटतो. रडायलाच आलं हो मला. मधल्या वेळात एक काम मात्र केलं. स्क्रीनवर जेवढी यादी दिसत होती, काय काय उडालं त्याची, ती सगळी एका कोऱ्या वहीत उतरवून काढली. परत बसवायची झाली तर नावं तरी हवीत ना. चार पानं भरली. वहीला नावं ठेवणारी मी, वहीतच!

पाच वाजले. कॅन रांगेला लागले. सत्तेचाळीस नंबरच्या काकूंनी खिडकीतून डोकावून विचारलं, “बाई, पावती का येईना? आमचा टीव्ही आसा आडला की मी पाठीत एक चापट मारती. मारू का?”

बारा नंबर म्हणाले, बंद करून चालू करा. अठ्ठावीस नंबर म्हणाले, बंद करून चालू करा. एकसष्ट नंबर आल्या आल्या थेट स्विचकडंच निघाले. मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले आणि अपडेट, अपडेट म्हणत राहिले. तात्यांनी कोनाड्यातून जुनी वही काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि पेनाचं टोपण उघडलं.

ते टोपण उघडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

मी पळत पायरीवर गेले. शेवटचा प्रयत्न. लावला. वाजतोय... वाजतोय... आणि उचलला!

“दादा!” मी त्यांना हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही. “दादा, मी सर्व्हर उडवला. माझ्याच हातानं. सगळी पॅकेजेस गेली. तात्यांना मी सकाळपासून अपडेट म्हणून थापा मारतेय, त्यांना काय, ट्रॅक्टर आणि मशीन एकच वाटतं. पण आता त्यांनी वही काढलीय. त्यांना कळलं तर मला उद्यापासून घरी बसवतील. लवकर या, आणि त्यांना एक शब्द सांगू नका!”

 पलीकडं कॅन आपटल्याचा आवाज आला. गंमत म्हणजे तोच आवाज मला माझ्या पाठीमागूनही आला.

“पोरी,” फोनमधून तात्या म्हणाले, “घरघर आयकून आयकून डोस्कं फिरलं, म्हणून कपाट उघडलं. तर ह्यो रणजितचा फोन यूपीएसवर थरथरत हुता. इसरून गेलाय त्यो. आता मी सांगतो तसं कर. फोन ठिव, आत ये, आन सत्तेचाळीसचं दूध लिव.”