सोळावर ले, सतरावर थम

त्या जानेवारीत आमची पलटण दिल्ली छावणीत होती. पहाटे धुक्यात संचलनाची तालीम, मग शस्त्रसफाई, दुपारी फटीग, म्हणजे अंगमेहनतीची कामं. प्रजासत्ताक दिन होईपर्यंत सर्वांची रजा बंद. मी हवालदार शिंदे, ड्रिल इन्स्ट्रक्टर. माझ्या हाताखाली नाईक मारुती जाधव, पाटणकडचा. त्याला गावी पहिली मुलगी झाली होती आणि घरच्यांनी बारसं त्याच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. रजेचा अर्ज नामंजूर होऊन परत आला. त्यात कुणाची चूक नव्हती, हुकूमच तसा होता. पण मारुती लंगरात अर्धी थाळी टाकून उठू लागला, तेव्हा मला काळजी वाटली. हा गडी ताट चाटूनपुसून खाणारा.

छावणीत तेव्हा केबल नवीन होतं. गुडगावकडे उंच इमारती उठत होत्या. टूआयसी, म्हणजे पलटणीतले दोन नंबरचे साहेब, त्यांच्या मेमसाहेबांनी टीव्हीवर कॅसिनो पाहिला आणि ठरवलं, यंदा वेल्फेअर मेळ्यात तंबोला नको, ब्लॅकजॅक हवा. पलटणीत पैसे लावून खेळायला बंदी, म्हणून पैशांऐवजी राजमा. शेवटी ज्याच्यापुढे जास्त राजमा, त्याला म्युझिक सिस्टिम. पत्ते वाटायला चपळ हाताचा माणूस पाहिजे होता, म्हणून मारुतीचं नाव लागलं.

कॅप्टन बक्षी पंजाबी. त्यांनी बराकीत बसून नियम सांगितले. प्रत्येकाला दोन पत्ते, वाटणाऱ्यालाही, त्याचा एक झाकलेला; प्रत्येकाची लढत वाटणाऱ्याशीच. बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं चांगलं, वर गेली की मेला. हवा तर आणखी पत्ता मागायचा, नको तर थांबायचं. एक्का सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. राजा, राणी, गुलाम सगळे दहा.

इथे मारुती अडला. "उस्ताद, ह्ये कसं? राजा बी धा आन् गुलाम बी धा? मग रँक कशापायी?"

"तू पत्ते वाट. रँक मी बघतो."

"तसं न्हवं उस्ताद, राजाला राग येत आसंल."

बक्षी साहेब हसून खाटेवरून पडायचे राहिले. मग म्हणाले, "एक बात याद रखो. खेळणारा मर्जीने थांबू शकतो, वाटणारा नाही. वाटणाऱ्याची बेरीज सोळा किंवा कमी, तर पत्ता घ्यायचाच. सतरा झाली की थांबायचंच."

मर्जी नाही म्हटल्यावर काम माझ्या हद्दीत आलं. मी मारुतीला टेबलामागे सावधान उभा केला आणि रायफल शिकवतात तसं गिनतीने शिकवलं. सोळा म्हटलं की मी ओरडायचो, "ले!" सतराला, "थम!" लवकरच तो स्वतःच ओरडू लागला. शेजारच्या बराकीतले जवान खिडकीत येऊन बसायचे. मारुतीची थाळी पुन्हा रिकामी होऊ लागली.

रविवारी दुपारी मेळा भरला. ऊन छान पडलं होतं. मेळ्याला पाहुणे म्हणून आलेले जनरल साहेब सहज म्हणून बसले आणि जिंकतच गेले. त्यांच्यापुढे राजम्याचा ढीग झाला. शेवटचा डाव आला. त्यांनी सगळा ढीग पुढे सरकवला. त्यांचे अठरा झाले, ते थांबले. मारुतीने आपला झाकलेला पत्ता उलटला. दहा आणि सहा. सोळा.

मेमसाहेब हळूच म्हणाल्या, "बस, भैया, रहने दो."

मारुतीने माझ्याकडे पाहिलं. त्याने छाती पुढे काढली आणि परेड मैदानावरच्या आवाजात ओरडला, "ले!"

पंजा आला. एकवीस.

जनरल साहेबांनी ढिगाकडे पाहिलं, मग मारुतीकडे. "सोलह पे रुक जाते, तो मैं जीतता?"

"जी सर!"

"तो रुके क्यों नहीं?"

"हुकूम सत्रह का था, सर!"

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "शाबाश, जवान! कुछ चाहिए?"

"कुछ नहीं, सर!"

गाढव! दुसरं काय म्हणणार मी? साहेबांपुढे रजा मागणं रीतीत बसत नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. मी एक पाऊल पुढे आलो, सॅल्यूट मारला. "सर, इसको लड़की हुई है. नामकरण रुका है. छुट्टी बंद है, सर."

सीओ, म्हणजे पलटणीचे मुख्य साहेब, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी हवालदारीची फीत गेलीच समजलो. जनरल साहेब त्यांना एवढंच म्हणाले, "परेड में एक आदमी कम चलेगा?"

"चलेगा, सर."

संध्याकाळी मारुती ट्रंक घेऊन स्टेशनला निघाला. ट्रकमध्ये चढताना सबंध पलटणीला ऐकू जाईल असं "थम!" ओरडला. आम्ही पोट धरून हसलो.

पुढच्या हिवाळ्यात पलटण सरहद्दीवर गेली. तिथे बर्फातल्या गस्तीवर नाईक मारुती जाधव शहीद झाला. दिल्लीहून घेतलेली ती त्याची शेवटची रजा. मला आजही त्याची आठवण येते आणि आधी हसूच येतं.

त्याच्या गावी मी दिवसकार्याला गेलो होतो. त्याची बायको मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"भावजी," ती म्हणाली, "त्या रजेत त्यांनी पोरीला खाली म्हनून ठिवली न्हाई. दूध पाजायला बी मला मागून घ्याया लागायची."