टॅली झालेली चूक

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मी गेलो तो शिकायला नव्हे, कॉलेजला स्वल्प मदत करायला, अशा थाटात. आमचं चिकपेटात साड्यांचं होलसेल दुकान. पणजोबांच्याही आधीपासून आम्ही बेंगळुरात. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. पाढे पाठ व्हायच्या आधी मला कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहिता येत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, गादीवर बसून लांबोडकी लाल वही उघडत आणि मला बजावत, "डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. झोपेत विचारलं तरी हेच सांगायचं." मी झोपेत काय, तापात फणफणत असतानाही हेच सांगितलं असतं. गिऱ्हाइकाने पैसे दिले की त्याच्या खात्यात डावीकडे जमा. माल नेला की उजवीकडे त्याच्या नावे. एवढ्यावर आमच्या चार पिढ्या जेवल्या होत्या.

बसवनगुडीतल्या त्या कॉलेजात अकाउंट्सच्या पहिल्या तासाला मॅडम आल्या. किडकिडीत बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज असा की मागच्या बाकावरची झोपलेली पोरं आपोआप सरळ व्हायची. त्यांनी फळ्यावर मोठा इंग्रजी टी काढला. डावीकडे लिहिलं डेबिट, उजवीकडे क्रेडिट.

मी मनात म्हटलं, हात्तिच्या! डावीकडे म्हणजे जमा. जमेलाच हे लोक डेबिट म्हणतात. आपल्याच वहीला साहेबाने टोपी घातली, दुसरं काय!

आणि मी ऐकणं थांबवलं. मॅडम पुढे सांगत होत्या, घेणाऱ्याला डेबिट करा, देणाऱ्याला क्रेडिट करा, हा नियम कपाळावर कोरून ठेवा. माझं कपाळ तेव्हा खिडकीकडे होतं. खिडकीबाहेर मैदानावर कॉलेजचा खो-खोचा संघ धावत होता, आणि मला त्यात जास्त रस होता.

खरं तर कॉलेजची पद्धत आमच्या वहीच्या नेमकी उलटी होती. तिथे जमा उजवीकडे मांडत आणि नावे डावीकडे. नियमाचं ते एक वाक्य ऐकलं असतं तरी हे कळलं असतं. मला कळायला जवळजवळ सगळी टर्म गेली, आणि याला मी एकटा जबाबदार नव्हतो, बेरीजही होती. कारण असं की, प्रत्येक नोंद जर तुम्ही इमानेइतबारे उलटी केलीत, तर दोन्ही बाजूंच्या बेरजा तेवढ्याच येतात. तराजूची पारडी अदलाबदल केली तरी काटा मधेच राहतो, तसं. सगळ्या खात्यांच्या बाक्या दोन बाजूंना मांडून जी बेरीज करतात, तो ट्रायल बॅलन्स. दोन्ही बेरजा जुळल्या की 'टॅली' झालं म्हणायचं. माझं रोज टॅली व्हायचं.

मॅडम वह्या तपासत नसत. गणित घालायच्या आणि विचारायच्या, "टोटल किती?" दुकानात वाढलेला मी, कॅल्क्युलेटर काढेपर्यंत माझा आकडा तोंडातून बाहेर. तो बरोबरच असायचा. मॅडम एकदा चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "हा मुलगा बघा. याचं रक्तच हिशोबाचं आहे." त्या दिवसापासून वर्गात माझं नाव पडलं सावकार. मला ते फार आवडलं. चिकपेटात खऱ्या सावकारांपुढे अण्णा कसे हात जोडून उभे राहतात ते वर्गाला माहीत नव्हतं.

आता खो-खोचं. संघातली सहा पोरं माझ्याच वर्गात होती, आणि सहाच्या सहा अकाउंट्समध्ये कच्ची. कप्तान तर सगळ्यांत कच्चा. काटक, काळासावळा, हसला की दात पांढरेशुभ्र. त्याचे वडील रिक्षा चालवत. खेळाडू म्हणून कॉलेजने त्याची फी माफ केली होती, पण अट होती: आंतरकॉलेज सामन्यांना उतरला तरच पुढच्या वर्षी माफी. आणि त्यावर प्रिन्सिपॉलांची दुसरी अट: टर्म टेस्टमध्ये पास असेल तोच सामन्यांना जाईल.

टेस्टच्या पंधरवडाभर आधी कप्तान माझ्यापाशी आला. आमचं बोलणं कन्नडातच व्हायचं, 'दोस्ता'ऐवजी 'मगा' म्हणत.

"सावकार, आम्हाला शिकव मगा. मॅडमचं काही डोक्यात शिरत नाही."

"मॅडमचं?" मी खांदे उडवले. "त्यांनी पुस्तकात वाचलंय. मी गादीवर बसलोय."

कॉलेजजवळच्या बागेत मोठमोठे दगड होते. त्यातल्या एका दगडावर मी बसायचो, खाली गवतावर सहा जण. फी म्हणून रोज एक मसाला डोसा, तोही ते आळीपाळीने द्यायचे. मी शिकवायचो झकास, हे मात्र आजही सांगतो. "पुस्तकातला नियम विसरा," मी म्हणायचो, "ज्यानं पैसे आणून दिले, तो भला माणूस. भल्या माणसाला कुठं बसवायचं? आपल्या डाव्या हाताला, काळजाच्या बाजूला. डेबिट! ज्यानं माल नेला, त्याच्यावर नजर ठेवायची. उजवीकडे. क्रेडिट!"

"सरी, सरी," सहाही जण माना डोलवायचे. एकाने तर तळहातांवर पेनाने लिहूनच घेतलं: डाव्यावर भला, उजव्यावर नजर. कप्तान मात्र एकदा पुस्तक उघडून म्हणाला, "पण इथं तर उलटं लिहिलंय."

"छपाईची चूक," मी म्हटलं.

एवढा विश्वास माझा माझ्यावर पुन्हा कधी बसला नाही.

टेस्ट झाली. सात जणांचे सात ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत टॅली. त्या संध्याकाळी डोसे दोन. आणि चार दिवसांनी शिपाई वर्गाच्या दारात उभा राहिला: सावकार आणि खो-खोचे सगळे, स्टाफरूम.

टेबलावर आमचे सात पेपर मांडले होते. प्रत्येकावर लाल शून्य. मॅडमच्या बाजूला पीटीचे सर उभे, गळ्यात शिट्टी, चेहरा उतरलेला. संघ त्यांनी उभा केला होता.

"तीस वर्षं शिकवतेय," मॅडम म्हणाल्या. "चुकलेले पेपर पाहिले, कॉपी केलेले पाहिले. पण पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकूणएक उलटं, आणि तरी टॅली? आणि सातही जणांचं सारखं? कुणी कुणाचं बघितलं?"

कप्तान एक पाऊल पुढे आला. "मी बघितलं मॅडम. बाकीच्यांनी माझं बघितलं."

तो मला वाचवत होता. एवढं कळण्याइतकी अक्कल असती तर मी गप्प राहिलो असतो. पण माझं लक्ष त्या शून्याकडे होतं, आणि माझ्या चार पिढ्या खवळून उठल्या होत्या.

"मॅडम," मी म्हणालो, "कॉपी कुणी केलेली नाही. यांना मीच शिकवलंय. आणि उलटं आमचं नाही. पुस्तकाचं आहे."

पीटी सरांनी डोळे मिटून घेतले.

मी तिथेच गादी मांडली. डावा हात, उजवा हात, भला माणूस, काळजाची बाजू, सगळं. स्टाफरूममधले बाकीचे प्राध्यापक चहाचे कप हातात धरून वळून बसले. मॅडमनी मला मधे अडवलं नाही. सगळं संपल्यावर त्यांनी कागदावर एक टी काढला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या वहीत जमा कुठे?"

"डावीकडे."

"तेच उजवीकडे लिहायचं ठरवलं, तर इंग्रजी पद्धत झाली. तुझे वडील चूक नाहीत. पुस्तक चूक नाही. आता राहिलं कोण?"

मी टेबलाभोवती नजर फिरवली. दुसरं कुणी सापडेना.

"मॅडम, टॅली तर झालंय ना?" पीटी सरांनी शेवटचा प्रयत्न केला. "दिशा तेवढी चुकली..."

"तुमच्या खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं दिशा बदलली तर काय करता?"

सरांनी खाली पाहिलं. "फाउल देतो."

"मग?"

पण मॅडम वाईट नव्हत्या. शनिवारी सकाळी पुन्हा टेस्ट घेते म्हणाल्या. त्याच दिवशी दुपारी संघाला म्हैसूरला निघायचं होतं. "पास झाले तर परवानगीच्या पत्रावर प्रिन्सिपॉलांची सही मीच आणून देईन. नाही झाले तर गाडी परत पाठवा."

घरी अण्णांना सांगितलं तर ते भलत्याच गोष्टीवर अडले. "म्हणजे फी भरून तुला उलटं शिकवतात? येऊ का मी त्या बाईंशी बोलायला?" त्यांना आवरता आवरता माझा एक दिवस गेला.

बागेत पुन्हा बैठक भरली. या वेळी दगडावर कप्तान आणि मी खाली. पण उपदेशाची खोड काही जाईना. "अगदी सोपं आहे," मी म्हटलं. "मी शिकवलेलं सगळं लक्षात आहे ना? उत्तर डोक्यात आलं की त्याच्या बरोबर उलटं लिहायचं. झालं!"

पाच जणांना हे पटलं. तळहातवाल्याने हात धुऊन डाव्याचं उजव्यावर आणि उजव्याचं डाव्यावर लिहून काढलं. कप्तानाने माझ्याकडे नुसतं पाहिलं, पुस्तक काखेत मारलं आणि निघून गेला.

शनिवारी रिकाम्या वर्गात आम्ही सात जण. फाटकाशी टेम्पो उभा, टपावर संघाच्या बॅगा बांधलेल्या. कप्तान माझ्या शेजारच्या बाकावर होता. पाच जण भराभर लिहीत होते. उलटं लिहिण्याचं तंत्र त्यांना मस्त जमलं होतं. मी तिरक्या नजरेने कप्तानाचा पेपर पाहिला. पहिली नोंद बरोबर होती. पण माझ्या डोक्यात आलं, याला तर माझंच शिकवलेलं येतं. म्हणजे जे बरोबर दिसतंय ते त्याच्या डोक्यातलं आहे, आणि डोक्यातलं म्हणजे चूक. मी कळवळून कुजबुजलो, "उलटं लिही! उलटं!"

त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. मग पेपरकडे. आणि पहिली नोंद खोडली.

मॅडम ओरडल्या, "सावकार! तोंड बंद!" हे टोपणनाव त्यांनाही ठाऊक होतं, हे तेव्हा कळलं. पण आता मीच गोंधळलो. मी त्याची बरोबर असलेली नोंद खोडायला लावली, की चुकीची? माझं माझ्याच पेपरात लक्ष लागेना. दोन नोंदी उलट्या केल्या, तिसरी करताना वाटलं ही आधीच उलटी आहे, म्हणून सुलटी केली, चौथीच्या तर दोन्ही रकमा एकाच बाजूला मांडल्या. शेवटी बेरीज मारली. आयुष्यात पहिल्यांदा माझा ट्रायल बॅलन्स टॅली झाला नाही. जो फरक सापडत नाही तो टाकायला अकाउंट्समध्ये एक खातं असतं, सस्पेन्स अकाउंट. मी त्यात एवढी रक्कम टाकली की दुकानात तेवढा माल नव्हता.

मॅडम तिथेच तपासायला बसल्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता. पाच पेपर झाले: पास, पास, सगळे पास. मग कप्तानाचा. त्यांनी पान उजेडाकडे धरलं. पहिली नोंद खोडलेली, खाली उलटी लिहिलेली, तीही खोडलेली, तिच्याखाली पुन्हा सुलटी.

"हे काय, पानावर खो-खो चाललंय?" त्या म्हणाल्या. पेन पुढे सरकत गेलं. दुसरी नोंद. तिसरी. कप्तान दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसला होता. मला वाटलं, याची फी, याच्या वडिलांची रिक्षा, सगळं माझ्या एका कुजबुजीवर लटकलंय.

"पास," मॅडम म्हणाल्या. "आणि नियम पाठ केलेला दिसतोय. सातांतला हा एकटाच असावा."

बाकीच्या पाचांनी असा गलका केला की पीटी सर धावत आले. त्या गलक्यात मॅडमनी माझा पेपर उचलला, सस्पेन्स अकाउंटपर्यंत पोचल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मग लाल पेनाने लिहिलं: नापास. सोमवारपासून कॉलेज सुटल्यावर रोज स्टाफरूममध्ये ये, म्हणाल्या, पहिल्या धड्यापासून.

पोरं टेम्पोत चढत होती. मी फाटकाशी कप्तानाला गाठलं.

"माझं ऐकून खोडलंस, मग परत का लिहिलंस?"

"आधी तुझं ऐकलं, मग आठवलं कोण सांगतंय ते." तो दात काढून हसला आणि माझ्या पाठीत एक धपका घातला.

मला एकदम एकटं वाटायला लागलं. सहा जणांना म्हैसूर आणि मला पहिला धडा. "मलाही न्या ना रे," मी म्हटलं. "खेळायला नको. दोन्ही संघांचे गुण लिहायला कुणीतरी लागेलच की. मी बसतो टेबलावर."

कप्तान पायरीवर थबकला. त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसातली पहिली खरी भीती होती.

"नको रे सावकार," तो म्हणाला. "आमचे गुण त्यांच्या बाजूला लिहिशील, आणि वर म्हणशील टॅली झालं."

टेम्पो सुटला. मागच्या फळीवरून तळहातवाला दोन्ही हात हलवत होता. कुठल्या हातावर काय लिहिलंय ते वाचायला मी गेलो नाही.