नवरात्रात थांबवलेली गोळी

पेशंटनं नाडी दाखवायला हात पुढे केला की बाई तो हलकेच धरून परत त्याच्या मांडीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दुखण्याचं नंतर. त्याआधी काय झालं ते सांगा."

समोरचा गोंधळायचा. गुडघे दाखवायला आलेल्या म्हातारीनं सुनेशी झालेलं भांडण डॉक्टरला कशाला सांगायचं? पण बाई मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं घालायच्या आणि ऐकत बसायच्या. बाहेर बाकावर दहा-पंधरा माणसं ताटकळलेली असायची, आणि त्यांची बोलणी खायला मी.

राजारामपुरीतल्या त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. लेडी डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची, अशी तेव्हा गावाची समजूत. ह्या मात्र दमा, संधिवात, अंगावरचे चट्टे असली चिवट दुखणी घेऊन बसायच्या. मला त्यांचा आदर होता, पण खरं सांगायचं तर त्यांच्या चौकशा मला रिकामटेकड्या वाटत. मिक्श्चर द्या आणि माणूस मोकळा करा, असा माझा खाक्या.

मग माझ्याच घरात दुखणं आलं. आक्का, माझी थोरली बहीण, आजऱ्याला दिलेली. बांधावरच्या मारामारीत एक माणूस मेला आणि भावजी खुनाच्या आरोपाखाली कळंब्याच्या तुरुंगात गेले. खटला चालू झाला तशी आक्का माझ्याकडे राहायला आली. दोन महिन्यांत तिच्या हातांचे सांधे सुजले. वेणी घालता येईना, भाकरी थापता येईना.

बाईंनी तिलाही तोच प्रश्न विचारला. आक्का तासभर बोलली. बाईंनी माझ्याकडून कॅलेंडर मागून घेतलं आणि कोर्टाच्या तारखांवर खुणा केल्या. पुढं तिची बोटं कधी सुजतात तेही त्याच्यावरच मांडत गेल्या. चार महिन्यांनी त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. तारीख जवळ आली की सूज वाढलेली, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी म्हटलं, म्हणजे मनाचे खेळ. तेव्हा मात्र त्या चिडल्या. सूज खरी आहे, हात लावून बघा, म्हणाल्या.

मग मला बसवून त्यांनी समजावलं. भीती वाटली की मेंदू हुकूम सोडतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रस सोडतात. संकटात माणसाला उभं ठेवतो तो हा रस, आणि सूजही तोच आवरतो. धास्ती महिनोन्‌महिने टिकली की हा सगळा कारभार बिघडतो, असा त्यांचा तर्क होता. मुंबईहून येणारी नवी गोळी म्हणजे तोच रस, बाहेरून दिलेला. पण बाहेरून मिळतोय म्हटल्यावर मेंदू हुकूम सोडायचं थांबवतो आणि ग्रंथी झोपी जातात. म्हणून ही गोळी कमी करायची ती हळूहळू. एकदम थांबवायची नाही. हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात आक्कानं भाकरी थापली. मी तव्याजवळ उभा राहून डोळे पुसले, धुराचं निमित्त करून.

निकाल दसऱ्यानंतर लागणार होता. आक्कानं अंबाबाईला नऊ दिवसांचा कडक उपास बोलला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिनं मला विचारलं, उपासात हे औषध पोटात गेलेलं देवीला चालेल का. दवाखान्यात बाईंना विचारायला मला औषधाच्या टेबलापासून दहा पावलं चालावी लागली असती. पण घरात मी अर्धा डॉक्टर. मी म्हटलं, नऊ दिवसांनी काही बिघडत नाही, बरी तर झालीस. हा बाईंचाच शब्द समजून तिनं गोळी थांबवली.

सहाव्या दिवशी ती उठेना. पोटात पाणी ठरेना, हातपाय गार पडले. टांग्यात घालून तिला दवाखान्यात आणली. बाईंनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला.

"कंपाउंडर, त्याआधी काय झालं?"

उपास धरलाय, असं मी म्हणालो. आणखी काय, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हणालो. त्यांनी सलाईन लावलं, पोट तपासलं, पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती आक्काकडे बघायची होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ पांढरे पडले होते.

बाई माझ्याजवळ आल्या. आवाज मुळीच चढवला नाही. "बहीण तुमची आहे. मला अंधारात ठेवून ती वाचणार नाही."

तेव्हा मी सांगितलं. त्यांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही, कपाटातून त्याच औषधाचं इंजेक्शन काढलं. दुपारभर त्या दर पंधरा मिनिटांनी दाब मोजत होत्या आणि मी आकडे लिहून घेत होतो. माझं अक्षर मलाच वाचता येत नव्हतं. पाचच्या सुमारास आक्कानं पाणी मागितलं आणि ते पोटात ठरलं.

हात धुता धुता बाई म्हणाल्या, "ओरडले तर पुढच्या वेळी तुम्ही तीनदा खोटं बोलाल. म्हणून ओरडत नाही." माझ्यासमोर त्यांनी आक्काला एवढंच सांगितलं, "ही गोळी उपासालाही चालते, देवीला मी विचारलंय." आक्का हसली.

भावजी निर्दोष सुटले. गोळी महिन्या-महिन्यानं कमी करत बाईंनी बंद केली. आक्का आजऱ्याला गेली. काही वर्षांनी बाईंनीही दवाखाना आवरला आणि त्या भावाकडे नागपूरला गेल्या. पत्र लिहायचं मी दर दिवाळीत ठरवायचो.

एके दिवशी त्यांच्या भावाचं पोस्टकार्ड आलं. बाई गेल्या. त्या दिवशी आक्का आमच्याकडेच होती, आजऱ्याहून आणलेले तांदूळ निवडत बसली होती. मी तिला कार्ड वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मला राहवेना. त्या नवरात्रात गोळी बाईंना न विचारता मीच थांबवायला सांगितली होती, असं मी म्हणून टाकलं.

"ठावं हाय मला," आक्का म्हणाली. "त्या तुला इचारत हुत्या तवा मी डोळं मिटून पडलेली, पर समदं ऐकत हुते. दोनदा न्हाय म्हणालास. मला वाटलं, ह्यो मला मरू देतोय."

एवढी वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"बाईंनी सांगितलं हुतं. त्यो आपणहून सांगंल, तवर तू काय बोलू नगंस म्हणाल्या."

तिनं सूप पुढं ओढलं. सांगायला मी बाई जाईपर्यंत थांबलो होतो.