गाठ मारलेली मच्छरदाणी

व्हर्लीन टिबडो सत्तावन्नाव्या वर्षी इंटर्न झाली. त्याआधी एकोणतीस वर्षं तिने टेलिफोन डिरेक्टरीची प्रुफं वाचली होती. डिरेक्टरी बंद पडली, नजर तेवढी उरली. ओकलंडमधल्या ज्या संस्थेत ती लागली, तिथलं काम म्हणजे धर्मादाय संस्थांच्या हातून खरोखर किती भलं होतं हे पुराव्यानिशी तपासून देणगीदारांना सांगायचं. तीन महिन्यांनी काम पसंत पडलं तर तिला कायम करणार होते. या वयात दुसरं कोणी नोकरी देणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिथे ठाम बोलायची पद्धत नव्हती. प्रत्येक विधानाला खात्रीचे टक्के जोडायचे, अगदी दुपारी पाऊस पडेल का यालासुद्धा. तिचा वरिष्ठ टोबिन अठ्ठावीस वर्षांचा. तू इथे रमशील असं मला पंचावन्न टक्के वाटतं, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं.

"माझ्या नवऱ्याने लग्नात याहून कमी सांगितलं होतं," व्हर्लीन म्हणाली.

तिच्याकडे मलावीतल्या मच्छरदाण्यांचं काम आलं. एका संस्थेने गावोगाव वाटलेल्या मच्छरदाण्या लोक वापरतात का, हे पाहायला घरोघरी काढलेले सहाशे बारा फोटो. जाळी अंथरुणावर सोडलेली असेल तर 'वापरात', नसेल तर 'पडून'. व्हर्लीन दिवसभर फोटोंतल्या त्या खोल्यांतून हिंडायची. मातीच्या भिंती, दारातून आलेला उन्हाचा पट्टा, छपराखाली निळ्या जाळीचा गोळा. हळूहळू तिथला गारवा तिला ओळखीचा वाटू लागला. घरी जाताना ऑफिसजवळच्या तळ्यावरच्या धुक्यातही ती जाळी दिसे. तिच्या मोजणीत निम्म्याहून जास्त 'पडून' निघाल्या. तशी नोंद संकेतस्थळावर लागली आणि मच्छरदाण्या वाटणारी ती संस्था शिफारशीच्या यादीतून काढायचं जवळजवळ ठरलं.

त्याच आठवड्यात, दुपारी डबा खाऊन तळ्याकाठच्या बाकावर तिचा डोळा लागला. ती त्यातल्याच एका खोलीत होती. बाहेर दिवस कलला होता. एक बाई आत आली, तिच्याकडे न पाहता हात उंच करून तिने गोळ्याची गाठ सोडली. जाळी पाण्यासारखी सावकाश खाली आली आणि खोलीत निळा अंधार भरला. जाग आली तेव्हा तळ्यावरची बदकं उरलेल्या पावाकडे बघत होती.

परत येऊन तिने फोटो उघडले. घरोघरी तीच नीटस गाठ. टाकून दिलेल्या वस्तूला कोणी अशी गाठ मारत नाही. तिने टोबिनला आपली मोजणी चुकल्याचं सांगितलं.

"किती खात्री?"

"साठ टक्के."

"कशावरून?"

नुसते फोटो पुढे करून तिला भागवता आलं असतं. "आधी स्वप्नात दिसलं. मग फोटोत."

टोबिनचा हात लिहिता लिहिता थांबला. "स्वप्नाचे वेगळे किती धरायचे?"

दुसऱ्या सकाळी त्यांनी मलावीत फोन लावला. तिथे फिरून ते फोटो काढणारा तमंदानी हसू लागला. "अहो बाई, दिवसा कोण सोडून ठेवतं? कोंबड्या फाडतील. आणि तुम्ही विचारलंत कुठे?" संध्याकाळी पुन्हा फिरून फोटो काढायचं त्याने कबूल केलं. तोवर यादी तशीच ठेवायची ठरली.

व्हर्लीनच्या संस्थेच्या संकेतस्थळावर 'आमच्या चुका' असं पान आहे. ज्याची चूक, त्याने नावानिशी लिहायची. शुक्रवारी तुला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, तेव्हा 'अंतर्गत तपासणीत आढळलं' एवढंच लिही, असं टोबिनने सुचवलं. व्हर्लीनने पूर्ण नाव घातलं. 'कशी लक्षात आली' या रकान्यात लिहिलं: दुपारच्या झोपेत. खात्री साठ टक्के. नंतर फोनवर पडताळलं.

शुक्रवारी टोबिन तिच्या टेबलाशी आला. "ठेवतोय तुला. बरोबर करतोय असं ऐंशी टक्के वाटतं."

"आणि वीस?"

"तू दुपारी झोपतेस."

सोमवारी संध्याकाळचे पहिले चाळीस फोटो आले. सदतीस घरांत जाळी खाली होती. उरलेल्या तीन फोटोंतल्या खोल्यांत व्हर्लीन जेवणाच्या सुट्टीपर्यंत जाळी का सोडली नसेल हे शोधत बसून होती.