बेकरीवालीच्या कड्यातला मळ

अफवा अशी होती की तिसऱ्या मजल्यावरची लख्खमावशी लोकांचे दागिने फुकट धुऊन देते ते काही उगाच नाही. धुतलेलं पाणी ती ओतून देत नाही, गाळून ठेवते, आणि त्या गाळातून दरवर्षी एक अंगठी घडवते. "नाहीतर कोण बसतंय गं दुसऱ्यांचा मळ काढत?" असं जिन्यात बोललं जायचं. बोलणारीच्या कानातले मागच्याच रविवारी मावशीने चकचकीत करून दिलेले असायचे, ती गोष्ट वेगळी.

आता खरं काय ते. पाणी ती गाळून ठेवायची, हे शंभर टक्के खरं. पण सोनं तिच्याकडे म्हणाल तर बोटातली एक अंगठी आणि एक सोन्याच्या टोपीचा दात. गाळायची सवय लागली ती एकोणिसाव्या वर्षी. थोरल्या बहिणीचं कानातलं तिने वाहत्या नळाखाली धरलं, आणि त्यातला खडा टुणकन उडी मारून मोरीत गेला तो गेलाच. बहीण अजून बोलताना तोच रिकामा कान पुढे करते. तेव्हापासून मावशी दागिना धुणार तो वाडग्यातच. पाणी पातळ पांढऱ्या फडक्यातून गाळणार, फडक्यावर उरेल ते वाळवून कागदात बांधणार, वर नाव नि तारीख घालणार आणि पुडी बिस्किटांच्या डब्यात महिनाभर ठेवणार. खडा गेला असं कुणी म्हटलं तर आधी पुडी उघडायची, मग रडायचं.

आठवड्याचे सहा दिवस ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. तिळाएवढे स्क्रू फिरवून फिरवून तिची नजर अशी झाली होती की समोरच्याशी बोलतानाही ती त्याच्या कानातल्याचा मळ बघायची. रविवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून बसली की दारात रांग लागायची. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि लहान बाळाचा दात घासायचा ब्रश, बाकी सगळं काम जिभेचं.

"टूथपेस्टने घासलं? टूथपेस्ट दातांना असते गं. तुझ्या साखळीला काय कीड लागलीय?"

"मोती भिजत घातलेस? अगं, मोती आहेत ते, हरभरे नाहीत! ओल्या फडक्याने पुसायचे फक्त."

"चांदीला रबरबँड लावलास, मग काळी नाही पडणार तर काय गोरी होणार? मऊ कापडात गुंडाळ, डबीत खडूचा तुकडा टाक. आणि नक्षीच्या खाचेतला काळेपणा मुळीच काढायचा नाही हं. काजळ पुसलेल्या डोळ्यासारखं दिसेल."

बायका ओरडा खायच्या आणि हसत घरी जायच्या. मावशीला तेवढं पुरायचं. खरं सांगायचं तर ती त्या रविवारासाठीच जगायची.

आणि मग एका रविवारी कुणीच आलं नाही. पुढच्याही रविवारी नाही. टॉवेल अंथरलेला, पाणी कोमटाचं गार झालेलं.

बातमी आणली भाचीने. ही भाची म्हणजे रिकाम्या कानाच्या बहिणीची सोळा वर्षांची मुलगी. माणसाला एकदा ऐकलं की त्याचा आवाज, शिंक, खोकला सगळं हुबेहूब काढणारी. तिने जिन्यातल्या सगळ्याजणी दारातच उभ्या केल्या. नाकात बोलणारी झाली, दमा असलेली झाली. मावशी डोळ्याला पदर लावून हसत होती. मग भाचीने घोगरा, तुटक आवाज काढला. "आईचं कडं होतं हो. धुवायला दिलं, आणि चारशे मिलीग्रॅम कमी भरलं."

मावशीचं हसू थांबलं. तो आवाज खालच्या बेकरीवालीचा होता.

झालं होतं ते एवढंच. बेकरीवालीच्या जाळीच्या पोकळ कड्याचा पेच नीट उघडत नव्हता. ती सराफाकडे गेली. सराफाने वजन करून पावतीवर लिहिलं, अठरा पूर्णांक बासष्ट ग्रॅम, आणि म्हणाला, "हे आधी स्वच्छ करून आणा. यात अर्धी बेकरी आहे." मावशीने दोन तास खपून कडं धुतलं. दुसऱ्या दिवशी तेच कडं त्याच काट्यावर अठरा पूर्णांक एकवीस भरलं. सराफाने नुसती भुवई वर केली. बाकीचं काम त्या भुवईने केलं.

"पण तू जाऊन सांग ना तिला!" भाची म्हणाली.

"काय सांगू? मी चोर नाही, असं? ते सांगणारे सगळेच सांगतात." मावशीने बिस्किटांचा डबा काढला. बेकरीवालीची पुडी बोटाच्या पेरापेक्षा जाड होती. "या पुडीलाच बोलू दे. महिना संपायला अजून चार दिवस आहेत."

भाचीने पुडी हातावर तोलली आणि फुस्स केलं. "मावशी, नको गं जाऊस सराफाकडे हे तोलायला. वाळलेलं पीठ हे! याला कसलं वजन? शंभर मिलीग्रॅमसुद्धा भरणार नाही, आणि तू सगळ्यांसमोर तोंडघशी पडशील."

"लावतेस पैज?"

"लावते. हरलीस तर तुझी ती जुनी भिंगाची डबी माझी."

"आणि तू हरलीस तर महिनाभर कुणाचीही नक्कल करायची नाही. माझीसुद्धा."

भाचीने बेधडक हात पुढे केला.

बेकरीवालीसकट तिघी सराफाकडे गेल्या. सराफाने काट्यावर कागद ठेवून काटा शून्यावर आणला आणि पुडी उघडून त्या कागदावर हळूच झटकली. करडी, भुरभुरीत पूड. त्याने चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. तेवढ्यात पुडीतलं पीठ त्याच्या नाकात गेलं.

"आँ…" सराफाचे डोळे मिटले. "आँ… आँ…"

सगळा पुरावा त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. मावशी जागच्या जागी थिजली. आणि भाची काही ओरडायच्या आत काउंटरवरून एक पिठाळ, भक्कम हात पुढे आला आणि बेकरीवालीने सराफाचं नाक गच्च चिमटीत धरलं.

"शिंकायचं नाही," ती म्हणाली. "आधी वाचा."

सराफाची शिंक आतल्या आत फुटली. कान लाल झाले, मिशा थरथरल्या, पोटातून बुडबुड असा आवाज आला. नाक धरलेलं, त्यामुळे आकडा त्याने गेंगाण्या आवाजात वाचला, "तीदशे अड्यांशी."

तीनशे अठ्ठ्याऐंशी. बाकीचा तेलकटपणा साबणात विरघळला असणार, असं सराफानेच सांगितलं, नाक सुटल्यावर. मग त्याने भिंग लावलं आणि चिमट्याने पुडीतले निळसर काळे बारीक दाणे एका बाजूला केले. "हे काय? रेती?"

बेकरीवालीने भिंग त्याच्या हातातून घेतलं. बराच वेळ बघत राहिली.

"खसखस आहे," ती म्हणाली. तिचा घोगरा आवाज आणखी खाली गेला. "आम्ही पावावर खसखस नाही लावत. आई लावायची. ती गेली त्या वर्षीपासून बंद केली. बारा वर्षं झाली." तिने कड्याच्या जाळीवरून अंगठा फिरवला. "हे कडं घालूनच मळायची ती."

मग मावशी म्हणाली, "अगं, मग तू ठेव की ही पुडी. मी नुसती सांभाळत होते."

बेकरीवालीने पूड परत पुडीत घेतली, चारही घड्या नीट घातल्या आणि ती कमरेला खोचली. "ताई," ती म्हणाली, "मी फार वाईट बोलले हो जिन्यात."

"बोललीस ना? मग आता त्याच जिन्यात, तेवढ्याच मोठ्याने दुसरं बोल. आणि कणीक मळताना कडं काढून ठेवत जा, म्हशीसारखी हट्टी आहेस."

"ते साबण लावून ओढल्याशिवाय नाही निघत हो हातातून."

"पेच दुरुस्त झाला की निघेल. नाहीच निघालं, तर ये रविवारी."

त्या रविवारी रांग जिन्यापर्यंत गेली. बेकरीवालीने जिन्यात बोलायचं ते बोलून टाकलं होतं, पण शिंकेची गोष्ट तिला काही जमेना. हसूच यायचं. "तुम्ही त्या पोरीला सांगा," ती म्हणाली. "ती करून दाखवेल. नाक धरल्यावर सराफ कसा वाजला ते!"

सगळ्या बायका वळल्या. भाचीचे खांदे आपोआप वर गेले, नाकपुड्या फुगल्या, डोळे मिटले, ती शिंक तिच्या घशाशी येऊन उभी राहिली.

वाडग्यातून मान न उचलता मावशी म्हणाली, "सव्वीस दिवस बाकी आहेत."