एकोणिसाव्या खांबाची दुपार

माझे धाकटे दीर बंदराच्या धक्क्यावर तपासनीस होते. लहानशी हातोडी घेऊन चौतीस वर्षं ते समुद्रातले काँक्रीटचे खांब ठोकत फिरले. खणखणीत आवाज आला तर खांब धड. बद्द आवाज आला तर खारं पाणी आत शिरलंय आणि सळई गंजून, फुगून काँक्रीट आतून फोडतेय. खोड बाहेरही सुटत नसे. स्वतःच्या सासुरवाडीला ते पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या जिन्याचा कठडा ठोकून त्यांनी गंभीरपणे मान हलवली. त्यांचे सासरे पुढे दोन वर्षं जेवढ्यास तेवढं बोलत.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना एकोणिसावा खांब बद्द वाजला. फोडून पाहिलं तर सळई अगदी कडेला. ती साच्यापासून आत राहावी म्हणून मध्ये सिमेंटचे छोटे ठोकळे बसवतात. ते तिथे नव्हतेच. अकरा वर्षांपूर्वी तो खांब ओतणाऱ्या गवंड्याला कचेरीने कायमचं काढायचं ठरवलं. भाऊजींचा अहवाल तेवढा बाकी होता.

"वहिनी, ओतकाम संपेपर्यंत मी तिथून हललो नव्हतो," असं म्हणत ते माझ्याकडे आले. गवंडी जुना मित्र, पण आपण डोळ्यांत तेल घालून उभे होतो हे त्यांना तारीखवेळेनिशी दाखवायचं होतं. तेव्हा आम्ही एकत्र राहत होतो आणि कोण कधी आलं-गेलं ते मी रोज लिहीत असे. मी त्या दिवसाचं पान काढून दिलं. भाऊजी साडेबाराला जेवायला आले, भात दोनदा घेतला, साडेचारपर्यंत आरामखुर्चीत घोरले.

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"घोरले, असं लिहायलाच हवं होतं का?"

"विश्रांती घेतली, असं लिहिणार होते. पण आवाज फार होता."

ते तडक गवंड्याच्या घरी गेले आणि खरं काय ते विचारलं. तो म्हणाला, ठोकळे कमी पडले होते. माल कालवून तयार, थांबवता येईना.

"तुम्ही आलात की विचारू म्हटलं. तुम्ही आलाच नाहीत."

"मग कचेरीत बोलला का नाहीस?"

"काय बोलू? साहेब जेवायला गेले ते गेलेच?"

भाऊजींनी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या, आपली आधी. गवंड्याला ताकीद मिळाली, काम टिकलं. भाऊजींच्या सेवापुस्तकात मात्र निवृत्तीच्या तोंडावर पहिलावहिला शेरा पडला: कामाच्या वेळी गैरहजर. तो मला वाचून दाखवताना ते कुरकुरले, की निदान 'अर्धा दिवस' असं तरी लिहायचं.